नीरोची मोहर

सोन्याचे एक छोटे नाणे आहे. आपल्या रुपयापेक्षाही लहान, पण हातात घेतले तर वजन जाणवेल असे. त्याच्यावर दोन चेहरे आहेत, एक बाईचा आणि एक मुलाचा. दोघे एकमेकांसमोर, अगदी नाकासमोर नाक. बाईचे केस मानेवर बांधलेले आहेत, चेहरा करारी आहे. मुलाच्या गालावर अजून दाढी फुटलेली नाही. लग्नाच्या पत्रिकेवर छापावे तसे हे दोन चेहरे. पण हे नवराबायको नव्हेत. ही आई आहे आणि तिचा मुलगा. आईचे नाव अ‍ॅग्रिपिना. मुलाचे नाव नीरो.

नाणे इ. स. ५४ सालचे, म्हणजे नीरो रोमच्या गादीवर बसला त्याच वर्षीचे. त्यानंतर पाचच वर्षांनी या मुलाने या आईचा खून करविला. ते घडणार हे नाण्यावर अर्थातच लिहिलेले नाही. पण नीरोच्या चौदा वर्षांच्या राजवटीतली सोन्याची नाणी एकापुढे एक मांडली, तर इतिहासकारांनी पानेच्या पाने खर्चून सांगितलेली गोष्ट या चकत्या निमूटपणे सांगू लागतात. कोणता चेहरा कुठे आहे, कोणता सरकला आणि कोणता नाहीसा झाला, एवढेच पाहायचे. आणि शेवटी एकदा वजन करायचे.

बँकेत सोनेतारणाचे कर्ज देताना मूल्यांकन करणारा सराफ काय करतो, हे मी नोकरीची कित्येक वर्षे पाहिले. समोर आलेल्या दागिन्यावर लक्ष्मी आहे की मोर, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. तो कसोटीवर एक रेघ ओढतो, दागिना काट्यावर ठेवतो आणि आकडा सांगतो. नक्षी मालकाची, वजन सोन्याचे. नीरोचे चरित्र वाचताना मला त्या सराफाची पुन्हा पुन्हा आठवण होत राहिली.

रोमन लोक सोन्याच्या या नाण्याला ऑरियस म्हणत. आपण मोहर म्हणू. एका मोहरेचे चांदीचे पंचवीस दिनार होत. साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार २२५ दिनार, म्हणजे अवघ्या नऊ मोहरा. एवढे मोलाचे नाणे बाजारात भाजी घेताना कुणी काढत नसे. ते सेनापतींच्या, सावकारांच्या, व्यापाऱ्यांच्या हाती फिरे. त्या काळी वर्तमानपत्र नव्हते. राज्यात सध्या कोणाचे चालते, हे ज्यांना कळायला हवे होते त्यांच्या तळहातावर ते नाण्यानेच पोचत होते. तापवलेली सोन्याची चकती दोन ठशांमध्ये धरायची आणि वरून हातोडा हाणायचा. एका घावात पुढची बाजूही उमटे आणि मागचीही. पुढे कोण आणि मागे कोण, हा मात्र मोठ्या राजकारणाचा विषय होता.

नीरोचा जन्म १५ डिसेंबर ३७ रोजी, समुद्रकाठच्या अँटियम गावी झाला. त्याचे मूळचे नाव लुशियस डोमिशियस. बाप थोर घराण्यातला, पण आडदांड आणि बदनाम. मूल तीन वर्षांचे असताना तो गेला. आई अ‍ॅग्रिपिना ही थोर ऑगस्टसची पणती आणि कॅलिगुला या माथेफिरू सम्राटाची सख्खी बहीण. भावाने तिला कटाच्या संशयावरून हद्दपार केले होते. बापाच्या इस्टेटीतला पोराच्या वाट्याचा तिसरा हिस्साही त्या मामाने हडप केला. पोर आत्याच्या घरी वाढले. तिथे त्याला सांभाळायला आणि शिकवायला एक नर्तक आणि एक न्हावी होता, असे चरित्रकार सुएटोनियस सांगतो. पुढे जगाचा धनी झालेल्या माणसाचे हे बालपण लक्षात ठेवायला हवे. नाचगाण्याची त्याची हौस कदाचित तिथेच रुजली असेल.

इ. स. ४१ मध्ये कॅलिगुलाचा खून झाला आणि त्याचा काका क्लॉडियस गादीवर आला. अ‍ॅग्रिपिना परत आली. मुलाला घेऊन ती पुन्हा राजवाड्याच्या वर्तुळात वावरू लागली. लहानग्या नीरोला झोपेत मारण्यासाठी मारेकरी पाठवले गेले आणि उशीजवळून निघालेल्या सापाला भिऊन ते पळाले, अशी एक कथा तेव्हा रोममध्ये पसरली होती. कथा बनावट असेल. पण त्याच्या अंथरुणात सापाची कात सापडली होती आणि आईने ती सोन्याच्या कड्यात मढवून मुलाच्या उजव्या दंडात घातली, हे सुएटोनियसने नोंदवले आहे. आपल्याकडची आई पोराच्या दंडात ताईत बांधते, तसाच तो प्रकार. या कड्याची आठवण ठेवावी. ते पुन्हा येणार आहे.

इ. स. ४९ मध्ये अ‍ॅग्रिपिनाने क्लॉडियसशी लग्न केले. तो तिचा सख्खा चुलता. अशा लग्नाला रोममध्येही परवानगी नव्हती. त्यासाठी कायदा बदलावा लागला. दुसऱ्याच वर्षी क्लॉडियसने तिच्या मुलाला दत्तक घेतले आणि त्याचे नाव नीरो झाले. क्लॉडियसला स्वतःचा मुलगा होता, ब्रिटानिकस, नीरोहून तीनएक वर्षांनी लहान. पण आता सोन्याकडे पाहा. क्लॉडियसच्या अखेरच्या वर्षांतल्या मोहरांवर कोवळ्या नीरोचा चेहरा झळकू लागतो. मागच्या बाजूला कधी ढाल आणि भाला, तरुणांचा अग्रणी म्हणून त्याला मिळालेला मान. कधी पूजेची उपकरणी, कारण त्याला पुरोहितांच्या सगळ्या मंडळांत एकदमच घेतले होते. अ‍ॅग्रिपिनाचा चेहराही आहे, धान्याच्या कणसांचा मुकुट घातलेला. ब्रिटानिकस मात्र साम्राज्याच्या सोन्यावर आलाच नाही. पोटचा मुलगा वगळला गेला आहे, हे दरबारात कुणी मोठ्याने बोलले नसेल. टांकसाळीने ते बोलून टाकले होते.

ऑक्टोबर ५४ मध्ये क्लॉडियस वारला. बायकोने अळंबीतून विष घातले, असे प्राचीन इतिहासकार सांगतात. नीरो तेव्हा सतरावे वर्ष पुरे व्हायच्या बेतात होता. त्याला राजवाड्याबाहेर आणून शरीररक्षक सैनिकांसमोर उभे केले, बक्षिसाचे वचन दिले आणि सैनिकांनी जयजयकार केला.

आणि मग ती सुरुवातीची मोहर निघाली. समोरासमोर दोन चेहरे. पण त्यांच्याभोवती फिरणारी अक्षरे वाचली तर नवल वाटते. दर्शनी बाजूवर पदव्यांसह नाव आहे ते आईचे: अ‍ॅग्रिपिना, देवपदाला गेलेल्या क्लॉडियसची पत्नी, नीरोची माता. सम्राटाचे स्वतःचे नाव मागच्या बाजूला, ओकच्या पानांच्या हाराभोवती. राज्य कुणाचे, हे सांगायला आणखी काय हवे? सम्राटाचा चुलीपासून सिंहासनापर्यंतचा कारभार आईच्या हाती होता. सिनेटची बैठक राजवाड्यात बोलावली जाई, कारण मग अ‍ॅग्रिपिनाला पडद्याआड उभे राहून ऐकता येई.

मात्र मुलाजवळ दोन शहाणी माणसे होती. एक त्याचा गुरू, तत्त्वज्ञ सेनेका. दुसरा शरीररक्षकांचा प्रमुख बुरस. आर्मेनियाचे वकील दरबारात आले होते तेव्हाची गोष्ट. नीरो उच्चासनावर बसला होता. अ‍ॅग्रिपिना आली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसण्यासाठी सरळ चालू लागली. सगळा दरबार थिजला. सेनेकाने नीरोला हळूच सुचवले की उठून आईला सामोरा जा. मुलगा पायऱ्या उतरून आदराने पुढे गेला आणि आई त्या आसनापर्यंत पोचलीच नाही. पुत्रधर्म पाळल्याच्या देखाव्यात एक सत्तांतर उरकले.

पुढच्या वर्षी, म्हणजे ५५ मध्ये, नवी मोहर आली. चेहरे दोनच आहेत, पण आता समोरासमोर नाहीत. दोघे एकाच दिशेला पाहतात. नीरो पुढे आहे आणि त्याच्या मागून आईच्या चेहऱ्याची फक्त कडा दिसते. दर्शनी बाजूचे नाव आता मुलाचे. आईचे नाव मागे गेले, चार हत्तींनी ओढलेल्या रथाच्या चित्राभोवती. त्या रथात दिवंगत क्लॉडियस आणि ऑगस्टस देव होऊन बसले आहेत. आईची सोबतही आता मेलेल्यांशीच.

काही महिन्यांत काय काय झाले होते? नीरो अ‍ॅक्टे नावाच्या, एकेकाळी गुलाम असलेल्या मुलीच्या प्रेमात पडला. आई संतापली, मग तिने सूर बदलून माया दाखवली. मुलाने तिला राजवाड्याच्या भांडारातून उंची वस्त्र आणि जवाहिर निवडून पाठवले. सगळेच माझ्यामुळे मिळालेले असताना हा मला त्यातला तुकडा देतो, असे तिला वाटले आणि तिने ते बोलूनही दाखवले. तिचा खास माणूस पॅलास हा साम्राज्याचे हिशेब पाहत असे. त्याला काढून टाकले. हिशेबाच्या वह्या ज्याच्या ताब्यात त्याचे घर चालते, हे जाणणारी ती बाई होती. तिने ब्रिटानिकसचे नाव घेऊन धमकावून पाहिले. थोड्याच दिवसांत ब्रिटानिकस जेवणाच्या पंक्तीत कोसळला आणि मेला. चौदा वर्षांचा होण्याच्या उंबरठ्यावर होता तो. अपस्मार म्हणून वेळ मारून नेली. आईचे रक्षक काढले गेले आणि तिला वेगळ्या घरी हलवले.

त्यानंतरच्या मोहरांवर नीरो एकटा आहे. आईचा चेहरा सोन्यावरून गेला तो कायमचा.

एक गोष्ट नीरोच्या बाजूने सांगितली पाहिजे. ही पहिली पाच वर्षे साम्राज्याला वाईट गेली नाहीत. सेनेका आणि बुरस कारभार पाहत होते. ५८ साली तर तरुण सम्राटाने सगळे अप्रत्यक्ष कर रद्द करावे असा विचार मांडला. सिनेटच्या वडीलधाऱ्यांनी त्याच्या दिलदारपणाची वाहवा केली आणि मग तिजोरी कशी चालेल ते समजावून त्याला थांबवले. देण्याची हौस होती, जमाखर्चाची समज नव्हती. अशा माणसाला कर्ज देताना बँकेतला कुठलाही जुना अधिकारी दोनदा विचार करील.

आई मात्र जिवंत होती, आणि तेच मुलाला सोसेना. तो पॉपिया नावाच्या सुंदर, महत्त्वाकांक्षी स्त्रीच्या नादी लागला होता. मार्च ५९ मध्ये त्याने नेपल्सजवळच्या बाइए या विहारस्थळी आईला सणाला बोलावले, प्रेमाने जेवू घातले, निरोप देताना मिठी मारली आणि मुद्दाम बांधून घेतलेल्या नावेत बसवले. रात्री चांदण्यात त्या नावेचे छत कोसळले. ती तरीही वाचली. खांदा जखमी झाला होता. पोहत निघाली, वाटेत कोळ्यांच्या होड्या भेटल्या, घरी पोचली. सारे काही समजले असूनही तिने मुलाला निरोप धाडला की देवाच्या कृपेने मी सुखरूप आहे, तू काळजी करू नकोस. न समजल्याचे सोंग हाच तिचा उरलेला आसरा होता. मुलाने आरमाराच्या प्रमुखाला माणसे देऊन पाठवले आणि तिच्या शयनगृहात तिचा शेवट झाला.

कधी काळी ज्योतिषांनी तिला सांगितले होते म्हणे, की तुझा मुलगा राज्य करील आणि तुला मारील. राज्य करणार असेल तर मारू दे, असे तिने मान्य करून टाकले होते. टॅसिटस ही गोष्ट सांगतो. खरी असो वा नसो, ती आईची म्हणून पटते.

आता ५९ सालची मोहर पाहा. पुढे नीरोचा चेहरा, थोडा भरलेला. मागे ओकच्या पानांचा हार. रोममध्ये हा हार एका खास पराक्रमाबद्दल देत असत: आपल्या नागरिकाचा जीव वाचवल्याबद्दल. ज्याने आईचा जीव घेतला त्याच्या मोहरेवर जीव वाचवणाऱ्याचा हार! कुणी मुद्दाम केले नव्हते. ठसे पूर्वीपासून चालत आले होते, तेच चालू राहिले. पण सोन्यावरची चित्रे किती निर्लज्ज असू शकतात याला दुसरा दाखला नको. त्याच वर्षी नीरोने पहिल्यांदा दाढी केली, ते केस मोती जडवलेल्या सोन्याच्या डबीत ठेवून देवाला वाहिले आणि मोठा उत्सव केला. आणि दंडातले ते सोन्याचे कडे, आईची आठवण नकोशी झाली म्हणून, केव्हा तरी काढून फेकून दिले.

६२ मध्ये बुरस वारला, सेनेका बाजूला झाला. नीरोने क्लॉडियसची मुलगी ऑक्टेव्हिया, त्याची निरपराध बायको, हिला टाकले, बेटावर पाठवले आणि मारविले. पॉपिया राणी झाली. तिला मुलगी झाली तेव्हा त्याला आनंद मावेना. चार महिन्यांच्या आत ती मुलगी गेली, तेव्हा दुःखही तसेच बेसुमार.

मग १८ जुलै ६४ ची रात्र आली. रोमला आग लागली. सहा दिवस जळून ती विझली असे वाटले आणि पुन्हा भडकली. शहराच्या चौदा भागांपैकी तीन बेचिराख झाले, सात भागांत पडक्या भिंती उरल्या, चारच वाचले. रोम जळत असताना नीरो फिडल वाजवत होता, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. फिडल हे वाद्य तेव्हा जन्माला यायचे होते. नीरो वाजवी ते तंतुवाद्य किथारा. आग लागली तेव्हा तो रोममध्ये नव्हता, अँटियमला होता. परत येऊन त्याने बेघर लोकांसाठी आपल्या बागा उघडल्या, बाहेरून धान्य आणविले, भाव उतरवले. पुढे रुंद रस्ते, घरांच्या उंचीवर मर्यादा, आगीला टिकणारा दगड, असे शहाणपणाचे नियमही केले. पण त्याने जळत्या शहरासमोर ट्रॉयच्या विनाशाचे गाणे गायिले, ही अफवा त्याच्यापेक्षा वेगाने पळाली. संशय पुसण्यासाठी त्याने ख्रिस्ती लोकांना पकडून क्रूरपणे मारविले. आणि जळालेल्या जागेचा मोठा तुकडा घेऊन स्वतःसाठी राजवाडा बांधायला काढला. सोन्याच्या पत्र्याने मढवलेल्या दालनांचा, मधोमध तळे असलेला. त्याचे नावच सुवर्णगृह. दारात नीरोचा १२० फूट उंच पुतळा.

पैसा आणायचा कुठून? प्रांतांवर वर्गण्या बसल्या, देवळांतले सोने उचलले गेले. आणि याच सुमारास टांकसाळीत एक बदल झाला, ज्याची दवंडी कुणी पिटली नाही. आजवर एक रोमन पौंड सोन्यातून चाळीस मोहरा पाडत. आता पंचेचाळीस पाडू लागले. म्हणजे मोहर साधारण आठ ग्रॅमची होती, ती सव्वासात ग्रॅमच्या आसपास आली. चांदीचा दिनारही हलका झाला आणि त्यात भेसळ वाढली. चाळीस नाण्यांच्या सोन्यात राजाला पाच नाणी फुकट मिळाली. सोने शुद्धच होते, कसोटीवर रेघ पिवळीधमक उमटे. फक्त काट्याला समजत होते.

आणि गंमत अशी की वजन घटले तेव्हापासूनच्या मोहरा दिसायला अधिक देखण्या आहेत. ठसे कोरणारे कारागीर अप्रतिम होते. जाड मान, दुहेरी हनुवटी, कपाळावर पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले कुरळे केस. माणूस जिवंत वाटतो. मागच्या बाजूंना तर बहर आला. आगीत जळून पुन्हा उभे राहिलेले वेस्टादेवीचे गोल देऊळ. हातात फांदी आणि विजयदेवता घेतलेला, डोक्याभोवती सूर्याचे किरण फुटलेला सम्राट. हे किरण एरवी मेल्यावर देव झालेल्यांना देत, नीरोने जिवंतपणीच घेतले. आधीच्या मोहरांवर सिनेटच्या संमतीची जी अक्षरे असत, ती आता गळून पडली. संमती विचारायची कुणाला?

६५ साली त्याला मारण्याचा मोठा कट उघडकीस आला. कित्येकांचे बळी गेले. म्हाताऱ्या सेनेकालाही मरण्याची आज्ञा झाली. त्याने शिरा कापून घेतल्या. त्यानंतर मोहरेवर आसनस्थ ज्युपिटर आला, रक्षणकर्ता ज्युपिटर, आणि आरोग्याची देवीही आली. भ्यालेला माणूस घरात देवांच्या तसबिरी वाढवतो, तसे ते वाटते. कटवाल्याकडे सापडलेला खंजीर नीरोने ज्युपिटरला वाहिला, सूड घेणारा या अर्थाच्या व्हिंडेक्स या विशेषणाने. हा शब्द तीन वर्षांनी त्याच्यापुढे निराळ्या रूपाने उभा राहणार होता.

त्याच वर्षी कार्थेजचा कासेलियस बासस नावाचा एक माणूस रोमला आला. त्याला स्वप्न पडले होते की त्याच्या शेतात प्राचीन राणी डायडोचे सोने पुरलेले आहे, विटांच्या विटा. नीरोने चौकशी न करता गलबते पाठवली. शेतच्या शेत उकरले, सैनिक आणि खेडूत राबले, हाती काहीच आले नाही. वाईट याचे की ते सोने येणार म्हणून इकडे आधीच खर्च सुरू झाला होता. न मिळालेल्या धनावर उचल! टॅसिटसने नोंदवले आहे की त्या खजिन्याची आशा हेही राज्य दरिद्री होण्याचे एक कारण ठरले.

पॉपिया ६५ मध्ये गेली. रागाच्या भरात नीरोनेच गरोदर बायकोला लाथ मारली, असे इतिहासकार लिहितात. ६६ मध्ये आर्मेनियाचा राजा टिरिडाटिस रोमला आला आणि नीरोच्या हातून त्याने मुकुट घेतला. त्या दिवसासाठी पाँपीचे नाट्यगृह सोन्याने मढवले होते. जगात शांतता झाली म्हणून जेनसच्या देवळाची दारे लावली गेली. ती बंद दारे मोहरेवरही आली. मग सम्राट ग्रीसला गेला, वर्षभर स्पर्धांतून गात, रथ हाकत राहिला आणि शेकडो हार जिंकून आला. त्याला हरवणार कोण?

मार्च ६८ मध्ये गॉल प्रांतात एका सुभेदाराने बंड पुकारले. त्याचे नाव व्हिंडेक्स. मागोमाग स्पेनमधून गाल्बा उठला. नीरोने सैन्य उभारायला काढले आणि पैसा गोळा करायला फर्मान सोडले. या फर्मानातली एक अट सुएटोनियसने टिपून ठेवली आहे. लोकांनी भरायचे नाणे कोरे करकरीत हवे, चांदी शुद्ध केलेली हवी आणि सोने कसाला उतरलेले हवे. ज्याने स्वतः मोहर हलकी केली, दिनारात भेसळ केली, तो आता प्रजेकडे चोख सोने मागत होता! माझ्या मते नीरोचे राज्य त्या दिवशीच संपले. पुष्कळांनी काहीच द्यायला नकार दिला.

जूनमध्ये रक्षकांनी साथ सोडली. नीरोने विष मागवून सोन्याच्या डबीत ठेवले होते. मध्यरात्री जाग आली तेव्हा राजवाडा रिकामा होता. नोकर पांघरुणेसुद्धा घेऊन पळाले होते आणि ती सोन्याची डबीही गेली होती. या शेवटच्या दिवसांत तो एक वस्तू शोधत होता, असे चरित्रकार सांगतो. दंडातले ते कडे. सापाची कात मढवलेले, आईने घातलेले. ज्याचा राजवाडा सोन्याने मढला होता, त्याला ते एवढेसे सोने सापडले नाही.

फाओन नावाच्या सेवकाच्या शहराबाहेरच्या घरात, ९ जून ६८ रोजी, एका मदतनिसाच्या हाताने त्याने गळ्यात खंजीर खुपसून घेतला. वय तीस. पांढऱ्या, सोन्याच्या तारा विणलेल्या वस्त्रात त्याला जाळले. अस्थी त्याच्या बापाच्या घराण्याच्या समाधीत ठेवल्या त्या तीन बायांनी: दोन त्याच्या लहानपणच्या दाया आणि तिसरी अ‍ॅक्टे, जिच्यावरून आईशी पहिले भांडण झाले होते. त्याच्या समाधीवर पुढे कित्येक वर्षे कुणी कुणी फुले ठेवत राहिले. माणूस एकाच शब्दात कधी संपत नाही.

त्याच्या सुवर्णगृहाचे तळे बुजवून पुढच्या सम्राटांनी तिथे जनतेसाठी रंगमंडल उभारले. तेच आजचे कलोसियम. त्याची आठवण पुसायचा खूप प्रयत्न झाला. पण एक गोष्ट कुणी पुसली नाही. त्याला शिव्या देणाऱ्यांनीही मोहर पुन्हा जड केली नाही. डोमिशियनने मध्यंतरी वजन थोडे वाढवून पाहिले, पण ट्रेजनच्या काळात ते पुन्हा जवळपास नीरोच्याच मापावर आले. चेहरा गेला, वजन राहिले. वाईट सवय सोडायला राज्येही तयार नसतात, ती फक्त लावणाऱ्याचे नाव बदनाम करतात.

या मोहरांतल्या पुष्कळशा आपल्याकडेही आल्या. भारत, चीन आणि अरबस्तान मिळून वर्षाला दहा कोटी सेस्टर्स, म्हणजे दहा लाख मोहरांच्या किमतीचा पैसा ओढून नेतात, अशी तक्रार नीरोच्याच काळातला प्लिनी करतो. त्याच शतकात एका ग्रीक नावाड्याने लिहिलेल्या प्रवासपुस्तकात भडोच, कल्याण, पैठण आणि तगर म्हणजे आपले तेर, यांची नावे आहेत. भडोचला रोमचे सोन्याचांदीचे नाणे फायद्याने बदलून मिळते हेही आहे. तमिळनाडूत पुदुक्कोट्टैजवळ १८९८ मध्ये ऑगस्टसपासून व्हेस्पेशियनपर्यंतच्या पाचशेच्या वर मोहरांचा साठा सापडला. त्यात नीरोही होता. त्यातल्या बहुतेक मोहरांवर, नेमका सम्राटाच्या चेहऱ्यावर, छिन्नीचा घाव आहे. इथल्या माणसाला त्या चेहऱ्याची भीती नव्हती आणि भक्तीही नव्हती. त्याने सोने घेतले, चेहरा नाकारला. त्या सराफाचाच हा पूर्वज म्हणायचा.

त्या पहिल्या मोहरेवर मात्र कुणी घाव घालू नये असे वाटते. जगभरच्या संग्रहालयांत तिचे मोजके नमुने आहेत. ब्रिटिश म्युझियममध्येही आहे. आई आणि मुलगा अजून एकमेकांकडे पाहत आहेत. हत्ती, देव, किरण हे सारे पुढचे. तेव्हा मोहर पुऱ्या वजनाची होती.